खेळाडू शिबिरात आले, लाल कार्ड घरीच राहिले

उन्हाळी शिबिरांचे दिवस जवळ आले की वस्त्यांतल्या तरुण मंडळांचे फोन आम्हाला सुरू होतात. "सिस्टर, प्रथमोपचाराचा टेबल लावाल ना?" टेबल आम्ही लावतोच. यंदा मात्र प्रत्येक मंडळाला आम्ही उलट विचारतो आहोत, की पाहुणा म्हणून कोण येणार आणि किती वाजता येणार? काही कार्यकर्त्यांना हा प्रश्न विचित्र वाटतो. तो का विचारतो, ते सांगायचे तर दोन वर्षांपूर्वीची एक सकाळ सांगावी लागेल.

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत, विहाराशेजारच्या मैदानावर मे महिन्यात दहा दिवसांचे बास्केटबॉल शिबिर होते. चाळीसेक मुले-मुली होत्या. मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढून दोन खांब उभे केले, रिंगा वेल्डिंग करून घेतल्या. शेवटच्या दिवशी लीगमध्ये पैसे घेऊन खेळणारे दोन खेळाडू येणार होते. सातची वेळ दिली होती, गाडी आली साडेनऊला. मुले साडेसहापासून चहा-टोस्टवर उभी होती. नागपूरचे मे महिन्यातले साडेनऊचे ऊन कसे असते ते तुम्हाला सांगायला नको.

खेळाडू भले होते. आल्याबरोबर बूट बांधले, मुलांत मिसळले. त्यांनी शर्यत लावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बॉल टप्पे देत न्यायचा, परत यायचे, आणि पहिल्या पाचांना सही केलेला बॉल. सहा फूट चार इंचांचा माणूस समोर उभा राहून टाळ्या वाजवतो आहे, म्हटल्यावर कोणते पोर थांबेल? सातवीतला एक मुलगा तीन फेऱ्या धावला. चौथ्या फेरीत खांबाजवळ खाली बसला. "पाय उचलत नाहीत" एवढेच बोलला. कोणीतरी म्हणाले, गोळा आला असेल, आणि सरबताच्या पिंपातला बर्फ आणून त्याच्या पोटऱ्यांवर चोळायला सुरुवात केली.

आम्ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ओआरएसची पाकिटे मोजत होतो. पोहोचलो तेव्हा मुलगा दुखण्याने पांढरा पडला होता. तेवढ्यात तीन गल्ल्या पलीकडून त्याची आई धावत आली. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले लाल कार्ड होते.

ज्यांच्या घरी हे कार्ड आहे त्यांना त्याचा अर्थ ठाऊक आहे. लाल म्हणजे सिकलसेलचा रुग्ण, एसएस. पिवळे म्हणजे वाहक, एएस. मुलगा चार दिवस दवाखान्यात राहिला. सलाईन, दुखण्याची औषधे, ऑक्सिजन. बरा होऊन घरी आला, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्या आयांचा जीव टांगणीला लागेल.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही त्याच्या आईला जरा रागानेच विचारले, फॉर्मवर आजार का नाही लिहिला? ती म्हणाली, "लिहिलं असतं त घेतलं असतं का तुमी माह्या पोराले?"

आम्ही फॉर्म काढून पाहिला. तो आम्हीच मंडळाला करून दिलेला होता. शेवटून दुसरी ओळ होती: 'गंभीर आजार असलेल्या मुलांना प्रवेश मिळणार नाही.' म्हणजे कार्ड लपवायला आईला आम्हीच भाग पाडले होते.

त्यानंतर वस्तीत दोन मते पडली. एक मत असे, की सिकलसेलच्या पोरांनी खेळूच नये, घरी कॅरम खेळावा. दुसरे असे, की हे मोठे खेळाडू बोलावण्याचे नाटकच बंद करा, फोटोपुरते येतात आणि जातात. आम्हाला दोन्ही मान्य नाहीत.

पहिल्या मताबद्दल. ज्या अमेरिकेत हा खेळ वाढला, तिथे काळ्या समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. आपल्या विदर्भात तो आदिवासींमध्ये आहे, तसाच आपल्या समाजातही आहे. म्हणजे ज्यांचे पोस्टर आपली पोरे भिंतीला लावतात, त्यांच्या घराण्यांतही हे दुखणे आहे. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाकडून खेळलेला बिली गॅरेट ज्युनियर जन्मापासून सिकलसेलचा रुग्ण. कॉलेजात असताना दुखण्यामुळे त्याला काही सामने सोडावे लागले. २०१९ मध्ये तो न्यूयॉर्क निक्सकडून एनबीएत उतरला. सिकलसेलचा आजार असूनही एनबीएत खेळलेला, माहीत असलेला तो पहिला खेळाडू. प्रत्येक लाल कार्डवाले पोर एनबीएत जाईल असे आम्ही म्हणत नाही. पण त्या मुलाला दवाखान्यात आम्ही गॅरेटची गोष्ट सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा उठून बसला, हे खरे आहे.

आणि बास्केटबॉलचे नियम पाहा. मैदानावर पाच, बाकी बाकावर. खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, बाहेर गेलेला परत आत येऊ शकतो. आंतरराष्ट्रीय सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांचा, एनबीएचा बारा-बारा मिनिटांच्या चार भागांचा, वर टाइम-आउट. सगळ्यात महागडा खेळाडूसुद्धा बाकावर टॉवेल घेऊन बसतो आणि पाणी पितो. चार मिनिटे खेळायचे, बाहेर यायचे, पाणी प्यायचे, पुन्हा जायचे, यात लाज कसली? ते खेळातच आहे. घात केला तो खेळाने नव्हे. उपाशीपोटी, उन्हात, न थांबता लावलेल्या शर्यतीने केला.

यात शरीरात काय होते ते थोडक्यात. सिकलसेलच्या रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला, पाणी कमी पडले, अंग फार तापले किंवा एकदम गार पडले की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग पुढे रक्त जात नाही आणि दुखणे सुरू होते. दुसरी एक गोष्ट घरोघरी माहीत नसते. या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून अंगातले पाणी लवकर जाते. वाहकांनाही हे कमी-अधिक प्रमाणात लागू आहे. त्यामुळे त्यांना वारंवार पाणीही लागते आणि वारंवार लघवीलाही जावे लागते. "सारखा सारखा काय जातो रे" म्हणून ओरडणारा प्रशिक्षक नकळत त्या मुलाचे पाणी पिणे बंद करत असतो. मुलींच्या बाबतीत तर मैदानाजवळ संडास नसला की त्या पाणी पीतच नाहीत, सिकलसेल असो वा नसो.

आणि बर्फ. खेळात कुठेही दुखले की बर्फ लावायचा, हे सगळ्यांच्या डोक्यात बसले आहे. मुरगळलेल्या घोट्याला ते ठीक. सिकलसेलच्या दुखण्यावर बर्फ लावू नका. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि अडकलेले आणखी अडकते. सावलीत न्यावे, घट्ट बूट-मोजे सैल करावेत, पाणी पाजावे, दुखरा भाग कोमट फडक्याने शेकावा आणि वेळ न घालवता दवाखाना गाठावा. छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा १०१ च्या वर ताप असेल तर 'पाहू थोडा वेळ' म्हणायचेच नाही.

पिवळ्या कार्डवाल्यांनी घाबरून जाऊ नये. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो, खेळतो, पोलीस भरतीत धावतो. पण फार कडक मेहनत, ऊन आणि कमी पाणी हे एकत्र आले तर क्वचित वाहकाचाही घात होतो. २००६ मध्ये अमेरिकेत राईस विद्यापीठाचा डेल लॉइड हा १९ वर्षांचा फुटबॉलपटू सरावात शंभर-शंभर यार्डांच्या सोळा धावा लागोपाठ काढताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक होता. पुढे २०१० पासून तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने पहिल्या श्रेणीच्या खेळाडूंसाठी नियम केला, की सिकलची चाचणी करा, जुना अहवाल दाखवा, नाहीतर नकार लिहून द्या.

यावर तिथल्याच रक्तरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये वेगळी भूमिका घेतली. खेळायला मिळण्यासाठी चाचणीची अट नको, तिने मुलांवर शिक्का बसेल. त्यापेक्षा मेहनतीचे, पाण्याचे, विश्रांतीचे नियम सगळ्यांनाच सारखे लावा, म्हणजे कार्ड कोणते हे न विचारताही मूल सुरक्षित राहील. आम्हाला हे पटते, कारण आपल्याकडे शिक्का म्हणजे काय ते आम्ही रोज पाहतो. मुलीचे कार्ड आई पेटीच्या तळाशी ठेवते, सोयरीक मोडेल म्हणून. मुलाचे कार्ड लपते, संघातून काढतील म्हणून. लग्नाआधी दोघांची कार्डे पाहायची ती दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते म्हणून, कोणाला नाकारायला नव्हे. पण हा विषय पुन्हा कधीतरी सविस्तर घेऊ.

आता दुसरे मत, पाहुणे बोलावू नका. मोठ्या खेळाडूंच्या भेटींत तमाशा असतो, हे मान्य. २०१७ च्या जुलैत केव्हिन ड्युरंट ग्रेटर नोएडाला आला, वेगवेगळ्या ठिकाणच्या ३,४५९ मुलांना एकाच वेळी धडा दिला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. परत जाऊन भारताबद्दल काहीबाही बोलला आणि मग माफीही मागितली. त्या हजारोंत आपल्या वस्तीतली पोरे किती होती हा प्रश्न आम्हालाही पडतो. तरीही आम्ही म्हणतो, बोलवा. आम्ही नर्स लोक वर्षभर कंठशोष करतो, पाणी प्या, थांबा, दुखले की सांगा. पोरे ऐकत नाहीत. तीच गोष्ट सहा फुटी खेळाडूने एकदा सांगितली की त्यांना पटते. त्याचा उपयोग करून घ्यायचा की त्याला हार घालून, भाषण करून, उन्हात शर्यत लावून मोकळे व्हायचे, हे आपल्या हातात आहे.

त्या दिवशी दोघांपैकी एका खेळाडूने मुलाला उचलून ऑटोत बसवले होते. संध्याकाळी त्याचा फोन आला. "मॅडम, मला कोणी सांगितलंच नाही. सिकलसेल हा शब्दच मी आज ऐकला." त्याचे बरोबर होते. हार कोण घालणार यावर मंडळाची अर्धा तास बैठक झाली होती, त्याला मुलांबद्दल सांगायला पाच मिनिटेही कोणी दिली नव्हती. त्यात आम्हीही आलो.

मागच्या वर्षी तोच खेळाडू पुन्हा आला, सकाळी सहाला. आधी अर्धा तास आमच्या टेबलावर बसला. मुलांना केळी आणि भिजवलेले चणे खाऊन मैदानात आणले होते. त्याने शर्यत लावली नाही. पाच-पाचांचे संघ केले, चार मिनिटांचे डाव केले आणि दर डावानंतर शिट्टी वाजवून सगळ्यांना पाणी प्यायला लावले. स्वतःही प्यायला. मध्येच एका डावात "मी दमलो, मला बदला" म्हणून बाहेर बसला. मुले हसली. पण थोड्या वेळाने दोन मुली आपणहून हात वर करून बाहेर आल्या. आठला मैदान रिकामे.

फॉर्मवरची ती ओळ आम्ही खोडली. आता तिथे लिहिले आहे: 'कोणत्याही आजारामुळे प्रवेश नाकारला जाणार नाही. मुलाचे कार्ड असल्यास फक्त सिस्टरला सांगा.' कार्डाची माहिती आमच्या वहीत राहते, मंडळाच्या यादीत जात नाही. लाल कार्डवाल्या मुलाला आम्ही आधी डॉक्टरांकडे पाठवतो, कारण प्लीहा वाढलेली असेल तर पोटावर कोपर किंवा बॉल लागणे धोक्याचे. ताप असलेले मूल त्या दिवशी बसून गुण मांडते. हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड चालू असेल तर शिबिराच्या गडबडीत चुकू द्यायचे नाही. मागच्या वर्षी सहा आयांनी कार्डे आणून दाखवली. त्याआधीच्या वर्षी एकही नव्हते.

ज्यांची तपासणीच झालेली नाही त्यांच्यासाठी एक. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचा भर आदिवासी भागांवर आहे, आणि तो असायलाच हवा. पण शहरातल्या आपल्या गल्लीत कोणी आपणहून सुई घेऊन येईल या भरवशावर बसू नका. सरकारी दवाखान्यात विचारा. पहिली चाचणी बोटाच्या थेंबभर रक्ताची आहे. ती सदोष आली की पुढची, इलेक्ट्रोफोरेसिसची, करून घेतल्याशिवाय परत येऊ नका. वाहक की रुग्ण हे तिच्यातूनच कळते.

तो मुलगा आता नववीत आहे. दोन डाव खेळतो, तिसऱ्याला बाहेर बसून गुण लिहितो आणि पंचाशी भांडतो. त्याच्या आईने परवा विचारले, "सिस्टर, यंदा तो उंच दादा येनार हाय ना? किती वाजता?"