कुलूप काढायला सांगणारे आपण, चोरीला जबाबदार आम्ही?

प्रति,
शासकीय ई-सेवा आणि त्यांची डिजिटल सहीची साधने चालवणारे सर्व संबंधित अधिकारी

महोदय,

गगनबावडा तालुक्यातल्या एका सेवा केंद्रात संगणकामागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. डिजिटल सही उमटत नसेल तर काय करावे, याच्या त्यावर सूचना आहेत. अँटिव्हायरस बंद करा. प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. ‘युजर अकाउंट कंट्रोल’ची पट्टी अगदी खाली ओढा. पॉवरशेलची एक्झिक्युशन पॉलिसी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा आणि सोबतची स्क्रिप्ट चालवा. ब्राउझरने धोक्याचा इशारा दिला तर ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून पुढे जा. बंद केलेले पुन्हा चालू कधी करायचे, याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नाही. हा कागद आपल्याकडूनच आला आहे, तेव्हा त्यातला मजकूर आपल्याला नव्याने सांगायला नको.

ज्या गोष्टी आपण बंद करायला सांगता, त्या कुणी हौसेने बसवलेल्या नाहीत. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाची एक लहानशी स्क्रिप्ट ईमेलला जोडून आली आणि जगभरातल्या लाखो संगणकांत शिरली, कारण उघडणाऱ्याला थांबवून विचारणारे संगणकात काहीच नव्हते. पुढे विंडोज व्हिस्टापासून परवानगी विचारणारी चौकट आली. पॉवरशेलमध्ये घरगुती संगणकावर स्क्रिप्ट फाइल मुळातच चालू नये, अशी सोय ठेवली गेली. ही पॉलिसी म्हणजे अभेद्य तटबंदी नव्हे, हे मायक्रोसॉफ्टही मान्य करते. नकळत भलती स्क्रिप्ट चालू नये, एवढाच तिचा हेतू. आपल्या केंद्रांवर तर सगळे नकळतच चालते. मग हीच सोय आपण का काढायला लावता?

बरे, दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. परवानगी फक्त पॉवरशेलच्या त्या एका खिडकीपुरती देता येते. ‘प्रोसेस’ ही मर्यादा घातली की खिडकी बंद होताच परवानगीही संपते. ‘रिमोट साइन्ड’ ठेवले तर इंटरनेटवरून उतरवलेली स्क्रिप्ट विश्वासू प्रकाशकाची सही असल्याशिवाय चालत नाही. म्हणजे आपल्या स्क्रिप्टवर आपण सही केली असती, तर आम्हाला दार सताड उघडे टाकावे लागले नसते. पण आपला प्रोग्रॅम सुरू केला की पिवळ्या पट्टीची चौकट येते आणि ‘पब्लिशर’समोर लिहिलेले असते : ‘अननोन’. राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. शेतकऱ्याच्या उताऱ्यावर सही उमटवणाऱ्या शासनाला स्वतःच्या प्रोग्रॅमवर सही करायला वेळ मिळू नये? कोड-सायनिंगच्या प्रमाणपत्राचा खर्च एखाद्या पोर्टलच्या उद्घाटनाच्या मांडवापेक्षा नक्कीच जास्त नसेल.

हे आजचेही नाही. जानेवारी २०१४ मध्ये जावाने सही नसलेली ॲप्लेट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारे छोटे प्रोग्रॅम, अडवायला सुरुवात केली, तेव्हा आम्हाला सांगण्यात आले की संकेतस्थळाचा पत्ता ‘एक्सेप्शन साइट लिस्ट’मध्ये टाका. २०१५ मध्ये क्रोमने आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सने ती ॲप्लेट चालवणेच सोडले, तर सल्ला आला : जुना ब्राउझर ठेवा, अपडेट करू नका. दर वेळी ‘नवी प्रणाली लवकरच’ असेही ऐकवले गेले. नवी प्रणाली आली, पण तिच्यासोबतही हाच कागद आला.

सर्ट-इन ही सायबर सुरक्षेची संस्था केंद्र शासनाचीच. रॅन्समवेअरपासून बचावासाठी ती सांगते की पॉवरशेलवर निर्बंध ठेवा, वापरकर्त्याला गरजेपुरतेच अधिकार द्या, अँटिव्हायरस अद्ययावत ठेवा. आपले पत्रक याच्या नेमके उलटे सांगते. आम्ही कोणत्या शासनाचे ऐकायचे? १ जुलै २०१५ रोजी डिजिटल इंडियाची घोषणा झाली, तेव्हा ‘सुरक्षित सायबर अवकाश’ हे त्यातले एक वचन होते. ते वचन या पत्रकात कुठे बसते?

आणि कायदा बघा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४२ सांगते की डिजिटल सहीची खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी सहीधारकाने घ्यायची. ग्रामपंचायतीचे पैसे ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) डिजिटल सहीने अदा होतात. ज्या संगणकाचे सगळे पहारे आपल्या सांगण्यावरून उठवले आहेत, त्यालाच या सहीचे यूएसबी टोकन जोडले जाते, त्यावरच पिन टाइप होतो. तिथे टाइप केलेले चोरणारा एखादा कीलॉगर बसला आणि भलत्याच खात्यावर पैसे गेले, तर चौकशी कुणाची होणार? पत्रक काढणाऱ्याची, की सरपंचांची?

‘ऑपरेटरने काळजी घ्यावी’ असे म्हणणे मुंबईत बसून सोपे आहे. आमच्याकडे कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस पडतो. आषाढात वीज आणि नेट एकाच वेळी असण्याचा तास हाती लागतो, तेव्हा बाहेर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पोरे ताटकळत असतात आणि प्रवेशाची मुदत संपत आलेली असते. त्या तासात समोर येईल त्या चौकटीवर ‘येस’ दाबले जाते. पुढची चौकट आपली आहे की चोराची, हे त्या ऑपरेटरने कशावरून ओळखावे? दोन्हीकडे ‘अननोन’च लिहिलेले.

तेव्हा विनंती नव्हे, मागणी आहे. ही पत्रके लेखी मागे घ्या. आपला प्रत्येक प्रोग्रॅम आणि स्क्रिप्ट सहीसकट द्या. त्यांना कोणता अधिकार, कशासाठी आणि किती वेळ लागतो ते सांगा. आजवर ज्या संगणकांवर हे पहारे उठवले गेले, ते पूर्ववत कसे करायचे याची सूचना प्रत्येक केंद्राला मराठीत पाठवा. आणि तोवर काही अघटित घडले तर जबाबदारी कुणाची, ते आज सांगा. उत्तराखाली ते देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि सही असावी.

आपला,
गगनबावडा तालुक्यातील एक नागरिक