माप कुणी घ्यायचं?

मे संपत आला की गुलमंडी आणि औरंगपुऱ्यातल्या कापड दुकानांचा रंग बदलतो. परवापर्यंत जिथे लग्नाचे बस्ते बांधले जात होते, तिथे आता गडद निळे, मरून आणि चौकडीचे गठ्ठे दिसायला लागतात. शाळेनं दिलेली चिठ्ठी हातात घेऊन आई-बाप उभे असतात. पोरगं स्टुलावर चढवलेलं असतं. दुकानदार पँट कमरेला लावून बघतो आणि आई ठरलेलं वाक्य बोलते, “एक साइज मोठीच द्या, वाढतं अंग आहे.”

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांचे आई-बाप या गर्दीत फारसे नसतात. पहिली ते आठवीच्या त्यांच्या लेकरांना गणवेश सरकार देतं, त्यामुळे स्टूलही नाही आणि ते वाक्यही नाही. तिथे पोराचं माप कोण घेतं, हा आजचा विषय आहे.

2024 च्या 17 सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, मी फुलंब्रीकडच्या एका शाळेत झेंडावंदनाला गेलो होतो. निम्मी पोरं नव्या कपड्यात होती, निम्मी गेल्या वर्षीच्या. पुढच्या रांगेत तिसरीतला एक मुलगा होता. त्याचा आकाशी सदरा गुडघ्याकडे निघालेला, तर गडद निळी पँट कमरेवरून खाली. सलामीला त्यानं उजवा हात कपाळाला लावला आणि डाव्या हातानं पँट गच्च धरून ठेवली. राष्ट्रगीत संपेपर्यंत पोरगं हललं नाही. मागं उभ्या गुरुजींची नजर मात्र झेंड्यावर नव्हती, त्या डाव्या हातावर होती.

हा गणवेश ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेतला. दीपक केसरकर शालेय शिक्षणमंत्री असताना 2023 मध्ये तिची घोषणा झाली. तोवर बहुतेक शाळांनी कापड घेतलेलं होतं, म्हणून तीन दिवस शाळेचा गणवेश आणि तीन दिवस सरकारचा, असा तोडगा निघाला. (पोराला दोन सासरं असल्यासारखं.) योजना खऱ्या अर्थानं लागू झाली ती 2024-25 मध्ये. राज्यभरातल्या चाळीस लाखांहून अधिक मुलामुलींसाठी कापड वरून एकत्र घ्यायचं आणि एक गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांतल्या बायांकडून शिवून घ्यायचा, असं ठरलं. दुसरा स्काउट-गाइडचा. त्याचं नुसतं कापड शाळेकडे येणार आणि शिलाईला 100 रुपये व वरखर्चाला 10 रुपये मिळणार. शंभर रुपयांत सदरा आणि पँट शिवून देणारा शिंपी कुठल्या तालुक्यात बसतो, हे कुठल्याच परिपत्रकात सापडलं नाही. शाळा जूनमध्ये उघडल्या. 15 ऑगस्ट आला, तरी अनेक शाळांत गणवेशाचा पत्ता नव्हता. आला तिथे कुणाला ढगळ, कुणाला आखूड. शेवटी 20 डिसेंबर 2024 ला शासनानं नवा निर्णय काढून 2025-26 पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवलं.

‘पुन्हा’ हा शब्द मुद्दाम वापरलाय, कारण हे पहिल्यांदा घडलेलं नाही. 2017-18 मध्ये सरकारला वाटलं, समितीच्या हाती पैसे नकोत, थेट लाभार्थ्याच्या खात्यात टाकू. दोन गणवेशांचे तेव्हा 400 रुपये मिळत. त्यासाठी विद्यार्थी आणि आई यांचं संयुक्त खातं उघडायचं, आधी पदरचे पैसे घालून गणवेश घ्यायचा, पावती शाळेत द्यायची आणि मग रक्कम जमा होण्याची वाट बघायची. चारशे रुपयांसाठी आईनं रोजगार बुडवून तालुक्याच्या बँकेत दोन-तीन खेपा घालायच्या. शून्य रकमेचं खातं उघडायला बँका खळखळ करायच्या. ज्या घरात गणवेशाला आधी द्यायला चारशे रुपये नाहीत, त्याच घरासाठी ही योजना होती, एवढं सोडलं तर कागदावर तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. पुढे तेही गुंडाळलं, पैसे परत समितीकडे आले आणि दोन गणवेशांना 600 रुपये झाले.

समितीकडून बँकेकडे, बँकेकडून समितीकडे, समितीकडून मंत्रालयाकडे आणि तिथून परत समितीकडे. सात-आठ वर्षांत एवढ्या येरझाऱ्या झाल्या.

आता समितीची बाजू घेताना डोळे मिटून घेणार नाही. गणवेशात टक्केवारी चालते, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. धुतल्यावर वीतभर आटणारं कापड समित्यांनीच घेतलेलं आहे. पण ही टक्केवारी शिरते कुठून, ते बघा. पैसे शाळेला मिळतात बहुधा शाळा उघडल्यावर, कधी त्याहून उशिरा. गणवेश मात्र पहिल्या दिवशी अंगावर हवा, कारण पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव असतो, साहेब येतात, फोटो निघतात. मग मुख्याध्यापक उधारीवर माल उचलतात. उधारी देणारा दुकानदार सगळ्यांनाच भेटत नाही आणि जो देतो तो कापडही आपल्याच पसंतीचं देतो. त्याला नको म्हणायची सोय राहत नाही. जिथे उधारी आली, तिथे टक्केवारीला दार उघडलंच. पुढे हाच माल हलका निघाला की वरून शेरा येतो, समित्या भ्रष्ट आहेत, अधिकार काढून घ्या. एप्रिलमध्ये पैसे खात्यात असते, तर समितीनं चार दुकानं फिरून भाव केला असता. सरकारनं दुखणं उशिराचं असताना औषध निविदेचं दिलं.

आणि निविदेत काय होतं, ते आपण बघितलं. गावच्या समितीनं वाईट कापड आणलं, तर सखुबाई अध्यक्षाला पाणवठ्यावर गाठून विचारू शकते, “का रे, पोरीचा झगा दोन धुण्यात फाटला कसा?” मुंबईत ठरलेल्या कापडाबद्दल तिनं कुणाला गाठायचं? मुख्याध्यापकांना. आणि त्यांनी हात वर करायचे. शिवणाऱ्या बायांनाही या प्रकरणात उगाच बोल लागला. त्यांच्यापुढे कापून आलेलं कापड आणि ठरावीक आकडे होते, पोर नव्हतं. पोर समोर असतं, तर कुठलीही बाई चार बोटं कापड आत दुमडून टीप घालते, पुढच्या वर्षी उसवता यावी म्हणून. हिमरू आणि पैठणीच्या या मुलखात कापडाची अक्कल वरून पाठवावी लागते, हे ऐकून मला हसू आलं होतं. तिसरीतल्या त्या मुलाचा हात आठवला आणि ते मावळलं.

या सगळ्या गोंधळात सरकारनं एक गोष्ट मात्र खरोखर चांगली केली आणि तिची चर्चा फारच कमी झाली. आधी मोफत गणवेश सगळ्या मुलींना आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांनाच मिळायचा. एका बाकावरच्या दोन पोरांपैकी एकाला नवा कोरा सदरा आणि दुसऱ्याला काही नाही. दुसऱ्याच्या बापाकडे दीड एकर कोरडवाहू रान आणि डोक्यावर कर्ज असलं, तरी त्याचं नाव यादीत नसायचं. वर्गात उभं करून नावं वाचताना गुरुजींचाच आवाज खाली जायचा. कोण कुठल्या यादीतला, हे आठ वर्षांच्या पोरांना कपड्यावरून कळायचं. गणवेश असतो हे कळू नये म्हणून. कित्येक शिक्षकांनी खिशातून किंवा गावातून वर्गणी करून उरलेल्या मुलांचे कपडे शिवले आहेत. 2023-24 पासून राज्यानं आपल्या पैशातून बाकीच्या मुलांनाही गणवेश द्यायला सुरुवात केली. बूट-मोजेही दिले. बुटांना माणशी 170 रुपये धरले होते आणि त्यात कसला बूट येतो हे पहिल्या पावसानं सांगितलं, पण ती यादी वाचणं थांबलं, हे मोठं काम झालं.

आता समितीकडे अधिकार आलेत, पण 300 रुपयांना एक गणवेश हा हिशोब जुनाच आहे. त्यातली अर्ध्याहून जास्त रक्कम आज नुसत्या शिलाईत जाते. उरलेल्या पैशात येतं ते कापड दिवाळीपर्यंत टिकलं तरी नशीब. अधिकार द्यायचा आणि पैसे अपुरे द्यायचे, म्हणजे पुढच्या अपयशाचा धनी आधीच ठरवून ठेवण्यासारखं आहे. दोन वर्षांनी परत कुणीतरी म्हणेल, बघा, समित्यांना जमत नाही. तेव्हा दर वाढवा आणि पैसे उन्हाळ्यात शाळेच्या खात्यात टाका. ही दोनच कामं मंत्रालयाची आहेत. माप घेणं त्यांचं नाही.

ते आपलं आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया. कागदावर हे सगळीकडे आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी बैठकीचं रजिस्टर घरोघर फिरतं आणि अंगठे गोळा होतात. गणवेशाचं कापड कोणी पसंत केलं, असं परवा एका गावात चार आयांना विचारलं, तर चौघीही एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यातल्या दोघी समितीवर होत्या.

जिल्हा परिषदेच्या शाळेत लेकरू असलेल्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे. समितीची बैठक दर महिन्याला व्हायला हवी. ती कधी आहे, हे या आठवड्यात मुख्याध्यापकांना विचारा. जाताना पोराला सोबत न्या आणि बिल दाखवा म्हणा.