थुंकून टाकलेल्या माणसांचा धर्म



फिलिपाईन्स देशाच्या दक्षिण टोकाला सुलूचा समुद्र आहे. तिथे होडीतच जन्मणारा, होडीतच संसार थाटणारा आणि मेल्यावरच बेटाच्या मातीत जाणारा एक समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला. ते स्वतःला सामा दिलाउत, म्हणजे समुद्रावरचे सामा, असे म्हणवतात. बाहेरचे लोक त्यांना बजाउ म्हणतात. शेजारच्या बेटांवरचे बलवान तौसुग लोक मात्र त्यांना 'लुवाआन' म्हणत. अर्थ काय? थुंकून टाकलेले! तौसुग मुसलमान, तर हे पूर्वजांना नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवणारे. जमीन नाही, मशीद नाही, म्हणजे जणू माणूसच नाही. ही शिवी कशी लागते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

ही शिवी पुसण्यासाठी पुष्कळांनी पाण्यात खांबांवर घरे बांधली, मशिदी उभारल्या, इस्लाम स्वीकारला. सितांकाईसारख्या ठिकाणी हेच घडले.

ख्रिस्ती मिशनरीही आले. ओब्लेट संघाचे कॅथलिक पाद्री १९३९ साली सुलूत, क्लारेशियन १९५१ साली बासिलान बेटावर. त्यांनी शाळा काढल्या. पण मोठा बदल शहरात झाला. १९७० च्या दशकात सरकारी फौज आणि मुस्लिम बंडखोर यांच्यात लढाई पेटली. फेब्रुवारी १९७४ मध्ये होलो शहर जळाले. जीव मुठीत धरून अनेक बजाउ झांबोआंगा, दावाओ अशा शहरांच्या किनाऱ्यांवर आले. तिथे कुणी मोती विकले, कुणी जुने कपडे, कुणी रस्त्यावर हात पसरला. दावाओ हे ख्रिस्ती बहुसंख्येचे शहर. त्या शहराने 'बजाउ म्हणजे भिकारी' असे ठरवून टाकले.

या वस्त्यांत पेंटेकोस्टल पंथाचे पास्टर शिरले. प्रार्थना आली, मदतही आली. "तांदळासाठी बाटले," असे म्हणणे फार सोपे असते. ज्याचे पोट भरलेले असते तोच बहुधा हे म्हणतो. उपाशी माणसाने भात घेतला, यात लाज त्याची की शेजाऱ्यांची?

मला विचारायचे आहे ते वेगळेच. देणारा वर आणि घेणारा खालीच राहिला काय? दावाओत निदान काही ठिकाणी तसे झाले नाही. बजाउंमधूनच पास्टर तयार झाले आणि आपल्याच माणसांपुढे उभे राहून बोलू लागले. 'आम्ही ख्रिस्ती बजाउ' असे म्हणताना त्यांना भिकारी हा शिक्का झटकता आला. माझ्या मते खरी मिळकत ती. पूर्वजांचे विधी मात्र सगळ्यांनीच सोडले असे नाही. आजीच्या हातचा नैवेद्य एका प्रवचनाने थोडाच सुटतो!

पण धर्म मिळाला म्हणजे कागद मिळाला असे नव्हे. आम्हां कारकुनांना कागदाची ताकद ठाऊक असते. याच समाजाचे हजारो लोक मलेशियाच्या सबाह राज्यात आहेत. त्यांच्यात अनेक मुसलमान आहेत, आणि त्या देशाचा राजधर्मही इस्लामच. तरी पुष्कळांकडे जन्मदाखला नाही, म्हणून देश नाही. जून २०२४ मध्ये सेंपोर्नाजवळच्या समुद्रातली त्यांची घरे सरकारी माणसांनी पाडली. काही घरे जाळली गेली. शेकडो लोक उघड्यावर आले.