नव्या कपाटाचा वास

दसरा-दिवाळी तोंडावर आली किंवा घरात मंगलकार्य निघाले, की आपल्याकडे सुताराला बोलावणे जाते. जुने कपाट भंगारात निघते, भिंतभर नवे कपाट उभे राहते, पलंगाखाली सामानाची पेटी होते. पाहुणे दारातच थबकून म्हणतात, ‘वा, नव्या फर्निचरचा वास येतोय!’ आणि यजमान सुखावतात. हा वास म्हणजे भरभराटीची खूण, असे आपण कित्येक वर्षे मानत आलो. मला वाटते, त्याच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहायला हवे.

हा वास सागाचा किंवा शिसवीचा नव्हे. आज आपण ज्याला लाकडी सामान म्हणतो, त्यात अखंड लाकूड फार थोडे असते. प्लायवुड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, पार्टिकल बोर्ड म्हणजे चुरा आणि एमडीएफ म्हणजे बारीक तंतू. हे सारे चिकटद्रव्य घालून, दाबून, तापवून त्याच्या फळ्या केलेल्या असतात. स्वस्त फळ्यांत हे चिकटद्रव्य बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड जातीचे असते. दमट हवेत आणि उष्णतेत त्याचे बंध हळूहळू सुटतात व फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. पहिले काही महिने जास्त, पुढे कमी कमी, पण वर्षानुवर्षे. मुंबई-कोकणातला पावसाळा डोळ्यांपुढे आणा, दमटपणाला काय तोटा? कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरण्यांतले बेडूक ज्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले असत, ते याच वायूचे पाण्यातले द्रावण.

या वायूने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दमेकऱ्याचा दमा बळावू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. घरातल्या हवेत अर्ध्या तासाच्या सरासरीने दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा तो जास्त नसावा, असे संघटनेने २०१० साली सांगितले. अमेरिकेत २००५च्या कतरिना वादळानंतर बेघर झालेल्यांना राहायला दिलेल्या फिरत्या घरांत लोकांचे डोळे, घसे धरू लागले. सरकारी तपासणीत तेथील हवेत हाच वायू नेहमीच्या घरांहून जास्त आढळला. पुढे २०१० साली तिथे लाकडी फळ्यांतून किती वायू सुटावा याचा कायदाच झाला.

घाबरून जावे असे मात्र मी म्हणत नाही. कर्करोगाचा पुरावा मुख्यतः कामाच्या ठिकाणी वर्षानुवर्षे हा वायू हुंगणाऱ्यांचा आहे. एका कपाटाने कोणी आजारी पडत नाही. माझा आक्षेप आपण निवडलेल्या मुहूर्ताला आहे. लेक बाळंतपणाला माहेरी येणार म्हटले की खोली रंगवायची, नवे कपाट करायचे, त्यात बाळाच्या झबल्यांशेजारी डांबराच्या गोळ्या टाकायच्या, आणि बाळाला वारा लागू नये म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या! माया खरी, पण जिथे सर्वांत नाजूक जीव चोवीस तास राहणार, तीच खोली आपण सर्वांत जास्त वायूंनी भरून ठेवतो. डांबराच्या गोळ्यांतले नॅप्थॅलीन तर जी-६-पीडी हे द्रव्य जन्मतः कमी असलेल्या तान्ह्या मुलांच्या तांबड्या पेशी फोडते. त्या गोळ्या बाळाच्या कपड्यांत नकोतच.

‘आमच्या आजोबांच्या घरात काय कमी लाकूड होते?’ असे कोणी विचारील. होते, पण ते अखंड लाकूड होते, आणि वाड्यांची दारे-खिडक्या कधी घट्ट लागत नसत. आजच्या सदनिकेत सरकत्या काचा, वातानुकूलन यंत्र आणि भिंत ते भिंत कपाटे. वायू जायला वाट कुठे आहे? कुंड्यांतली झाडे हवा शुद्ध करतात, ही समजूतही १९८९च्या एका प्रयोगावरून पसरली. तो प्रयोग बंद पेटीतला होता. दिवाणखान्यातल्या चार कुंड्यांनी तेवढा फरक पडत नाही. उदबत्तीने वास झाकला जातो, जात नाही. उलट धुराची भर पडते.

मग करायचे काय? सगळे सागवानी करण्याची ऐपत कितीजणांची? त्याची गरजही नाही. प्लायवुड घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. आयएसआय शिक्का आहे का? चिकटद्रव्य युरियाचे की फिनॉलचे? पाण्यात टिकणाऱ्या प्रतीच्या प्लायवुडमध्ये बहुधा फिनॉलचे असते आणि त्यातून वायू पुष्कळच कमी सुटतो. आणि फळी ई-१ किंवा ई-० दर्जाची आहे का? उत्तर बिलावर लिहून मागावे. सनमायका फक्त समोरून लावून भागत नाही. वायू उघड्या कडांतून, भोकांतून, कपाटाच्या पाठीतून सुटतो, म्हणून आतली बाजू आणि कडाही झाकून घ्याव्यात. मेलामाइन पॉलिशमध्येही बहुधा हेच द्रव्य असते. रंगातल्या शिशाला आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून दहा लाखांत ९० भागांची मर्यादा आहे. पण त्याआधीचा रंग लावलेले जुने सामान घासताना मुलांना दूर ठेवावे.

लोखंडी कपाट, वेताची खुर्ची, कापसाची गादी यांना आपण जुनाट म्हणून हिणवले. त्यांतून हा त्रास जवळजवळ नाही. एखाद्याने वापरलेले लाकडी कपाट घेण्यातही कमीपणा नाही. त्यातला बराचसा वायू आधीच निघून गेलेला असतो. आणि नवेच करायचे तर निदान दोन-तीन महिने आधी करावे, दारे उघडी टाकून, पंखे लावून खोली वाहती ठेवावी. खर्च शून्य, फायदा मोठा.

शेवटी मिस्त्रीचा विचार. आपण त्या वासात काही महिने राहतो, तो जन्मभर. लाकडाची धूळही त्याच कर्करोगाच्या पहिल्या गटात आहे. काम चालू असताना शेजारी कुरकुरतात म्हणून आपण दार लावून घेतो आणि आत तो तोंडाला रुमाल बांधून घासत बसतो. कपाटावर लाखभर रुपये खर्च करणाऱ्याने त्याला चांगला मुखपट्टा आणून द्यावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. नवे घर निरोगी हवे असेल, तर ते बांधणाऱ्या हातांपासूनच सुरुवात करावी.