सपाट जमीन, थंड हवा आणि बाकीच्या सबबी

पुण्यात काय किंवा नाशकात काय, शहरातल्या वाहतुकीचा विषय निघाला आणि कोणी नेदरलँड्सचं नाव घेतलं, की समोरून ठरलेलं उत्तर येतं. "अहो, त्यांच्या रक्तातच सायकल आहे. देश सपाट, हवा थंड, माणसं मोजकी, पैसा मुबलक. आपल्याकडे ते जमायचं नाही." महापालिकेच्या सभागृहापासून सोसायटीच्या वार्षिक सभेपर्यंत हे उत्तर ऐकू येतं आणि बहुतेक वेळा चर्चा तिथेच आटोपते. हा पूर्वपक्ष मला मुळातूनच चुकीचा वाटतो. डच लोकांविषयी तो चुकीचा आहेच, आपल्याविषयी त्याहून जास्त. तो खोडायला एकच शहर पुरेसं आहे, उट्रेख्त.

उट्रेख्त देशाच्या मधोमध आहे आणि तिथलं मध्यवर्ती स्टेशन देशातलं सर्वात गजबजलेलं. जुन्या गावाभोवती बाराव्या शतकात खणलेला पाण्याचा खंदक आहे. 1958 मध्ये माक्स फॉइखटिंगर या जर्मन वाहतूकतज्ज्ञाने शहराला सल्ला दिला, की हा खंदक बुजवा आणि त्यावरून मोटारींसाठी रिंगरोड काढा. त्या काळी हा सल्ला कुणाला वेडगळ वाटला नाही. मोटारी वाढत होत्या, व्यापार टिकवायचा होता आणि आधुनिक शहर म्हणजे रुंद रस्ता हे समीकरण युरोपभर पक्कं झालं होतं. लोकांनी जोरदार विरोध केला म्हणून खंदकाचा मोठा भाग वाचला, पण स्टेशनच्या बाजूचं पाणी गेलं. तिथे काथरायनेबान नावाचा शहरी मोटारमार्ग झाला, तो 1973 मध्ये सुरू झाला. त्याला लागूनच होख काथरायने हे प्रचंड बंदिस्त व्यापारी संकुल उभं राहिलं. त्याच्या बांधकामात एका विमा कंपनीची आर्ट नूव्हो शैलीतली देखणी इमारतही 1974 मध्ये जमीनदोस्त झाली.

हे सगळं करणारे लोक डचच होते. देश तेव्हाही सपाटच होता आणि पाऊस-वाराही आजच्यासारखाच होता. तरीही पन्नास आणि साठच्या दशकांत तिथे सायकलींचा वापर झपाट्याने घसरला आणि रस्त्यांवर मोटारींचं राज्य आलं. 1971 या एका वर्षात रस्ते अपघातांत सुमारे 3,300 माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. मुलगी अपघातात गमावलेले पत्रकार विक लँगनहॉफ यांनी 1972 मध्ये लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यातूनच 'मुलांची हत्या थांबवा' या चळवळीला नाव मिळालं. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले. 1973 च्या नोव्हेंबरात तेलटंचाई आली, सरकारने मोटारमुक्त रविवार जाहीर केले आणि महामार्गांवर लोक पायी फिरू लागले. 1975 मध्ये सायकलस्वारांची देशव्यापी संघटना उभी राहिली. सायकल रक्तात असती तर यातल्या कशाचीच गरज पडली नसती. आज त्या देशात लोकसंख्या तेव्हापेक्षा बरीच जास्त आहे आणि रस्ते अपघातांत वर्षाला सुमारे 700 माणसं जातात. मधला फरक स्वभावाने पडलेला नाही. लोकांच्या रेट्याने घेतलेल्या आणि मग वर्षानुवर्षं नेटाने राबवलेल्या निर्णयांनी तो पडला.

उट्रेख्तने आपला निर्णय तर चक्क उलटा फिरवला. 2002 मध्ये स्टेशन परिसराचं काय करायचं यावर शहरात सार्वमत झालं आणि लोकांनी खंदकात पुन्हा पाणी आणणाऱ्या आराखड्याला कौल दिला. काम सोपं नव्हतं, स्वस्तही नव्हतं. वर्दळीचं स्टेशन, मॉल आणि बससेवा चालू ठेवून मोटारमार्ग उखडायचा होता. 12 सप्टेंबर 2020 रोजी जुन्या गावाभोवतीचं पाण्याचं कडं पूर्ण झालं. जिथे मोटारींच्या रांगा लागायच्या तिथे आता लोक होड्या वल्हवत जातात, एका ठिकाणी तर थेट त्या मॉलच्या पोटाखालून. काठावर झाडं आणि गवत आहे, उन्हाळ्यात माणसं पाण्यात पाय सोडून बसतात. 2022 मध्ये या कामाला युरोपातला सार्वजनिक नागरी जागांसाठीचा मानाचा पुरस्कार मिळाला. मला त्या पुरस्काराहून मोठी गोष्ट वाटते ती ही, की एका शहराने आपण चुकलो हे मतपेटीतून मान्य केलं आणि अठरा वर्षं, सत्तेवर कोणीही आलं तरी, त्या दुरुस्तीच्या मागे ते उभं राहिलं.

आता पैशाचा मुद्दा घेऊ. उट्रेख्तने खंदक बुजवायला खर्च केला, मोटारमार्गाला खर्च केला आणि ते सगळं काढून पुन्हा पाणी आणायला तिसऱ्यांदा खर्च केला. एवढा महाग धडा श्रीमंत देशालाच परवडतो, हे खरं आहे. पण त्यातून निघणारा अर्थ आपल्या टीकाकारांच्या नेमका उलट आहे. ज्याच्या गाठीशी पैसा कमी, त्याने तर ती चूक मुळात करूच नये. एका उड्डाणपुलाच्या पैशात पदपथ, सायकलमार्ग आणि बसथांब्यांचं किती मोठं जाळं होतं, याचा हिशेब कुठल्याही महापालिकेच्या अंदाजपत्रकातून काढता येईल. शिवाय मोटारी आपल्याकडे आहेत कुणाकडे? 2011 च्या जनगणनेत देशातल्या जवळपास 45 टक्के घरांत सायकल होती आणि मोटार होती पाच टक्क्यांहूनही कमी घरांत. त्यानंतर मोटारी वाढल्या, पण रस्त्याचा बहुतांश भाग अल्पसंख्यांच्या वाहनासाठी राखून ठेवायचा आणि सायकल, पदपथ म्हणजे श्रीमंत देशाचे चोचले म्हणायचं, हा युक्तिवाद गरिबांच्या नावाने गरिबांच्याच विरोधात केला जातो. त्याचा मला मनापासून संताप येतो.

"शहर लहान आहे म्हणून जमतं," असं म्हणणाऱ्यांनी नकाशा नीट पाहावा. उट्रेख्तची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या पुढे आहे. 2011 च्या जनगणनेत लातूर तीन लाख ऐंशी हजारांच्या वर होतं, अहिल्यानगर साडेतीन लाखांच्या घरात. धुळे, जळगाव, चंद्रपूर, सांगली ही सगळी याच मापाची किंवा थोडी मोठी शहरं. मुंबईशी तुलना करून उट्रेख्तला बाद ठरवायचं आणि लातूर-धुळ्याचा विचारच करायचा नाही, हे बरोबर नाही. या शहरांत घरापासून बाजार, शाळा, बसस्थानक यांतली बरीच अंतरं सायकलच्या टप्प्यातली आहेत.

हवेबद्दल मात्र विरोधकांचं थोडं मान्य केलं पाहिजे. एप्रिल-मेमधल्या लातूरच्या दुपारी सायकल चालवणं आणि उट्रेख्तच्या रिमझिम पावसात चालवणं सारखं नाही. पण आपल्याकडे त्याच उन्हात लाखो कामगार आजही सायकल चालवतात, आणि रस्ता रुंद करताना आपण त्यांच्या डोक्यावरची सावली देणारी वड-पिंपळाची झाडं तोडतो. उन्हाची सबब सांगायची आणि सावली कापायची, हे एकत्र चालणार नाही.

मोटारी रोखल्या तर धंदा बुडेल, या व्यापाऱ्यांच्या भीतीला उत्तर उट्रेख्तपेक्षा ग्रोनिंगेन या दुसऱ्या डच शहराने आधी दिलं. सप्टेंबर 1977 मध्ये, माक्स फान देन बेर्ख नावाच्या तिशीतल्या तरुण नगरप्रतिनिधीच्या पुढाकाराने, त्या शहराने आपल्या मध्यभागाचे चार भाग केले. एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने थेट जाता येईना, बाहेरच्या रस्त्याला येऊन वळसा घालावा लागे. पायी किंवा सायकलवर मात्र सरळ जाता येई. दुकानदार खवळले. आज तो मध्यभाग ओस पडलेला नाही, भरलेला आहे, आणि शहरातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या सायकलवर होतात. गिऱ्हाईक मोटारीतूनच येतं, हा दुकानदारांचा समज तिथे टिकला नाही.

एवढं खंडन झाल्यावर उट्रेख्त नेमकं काय करतं तेही नीट सांगायला हवं. स्टेशनच्या चौकाखाली तीन मजली सायकलतळ आहे. 2017 मध्ये तो अंशतः उघडला, 2019 मध्ये पूर्ण झाला आणि त्यात 12,500 सायकली राहतात. आत शिरताना सायकलवरून उतरावं लागत नाही. रस्त्यावरून थेट उतारावर येत तुम्ही आत जाता, फलकांवर कुठल्या ओळीत किती जागा रिकाम्या आहेत ते दिसतं, खाली-वर अशा दोन थरांच्या रॅकमध्ये सायकल लावता आणि जिन्याने वर स्टेशनात पोहोचता. पहिले 24 तास काही पैसे पडत नाहीत. उतरलेल्या गावी रेल्वेचीच भाड्याची सायकल मिळते. ही साखळी आहे: घर, सायकल, गाडी, पुन्हा सायकल. तिचा एखादा दुवा जरी तुटला तरी माणूस मोटार काढतो. आपल्याकडच्या सायकल ट्रॅकवर मध्येच विजेचा डीपी येतो, पुढे पार्किंग, मग टपरी, आणि चौकात ट्रॅकच संपतो. त्यावर कोणी सायकल चालवत नाही म्हणून तो निरुपयोगी ठरवला जातो. चालवणार कसा?

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. ॲमस्टरडॅम-ऱ्हाइन कालव्यावर 2017 मध्ये दाफ्ने स्किपर्स या धावपटूच्या नावाचा सायकल-पादचारी पूल झाला. पुलाचा उतार खाली आणायला जागा पुरेना, तेव्हा आराखडाकारांनी तो वळवून एका शाळेच्या छतावरून नेला. पूल, शाळा आणि बाग अशी तीन कामं एकत्र आखली गेली. हा पूल पश्चिमेच्या लाइडशे राइन या नव्या वस्तीला जुन्या गावाशी जोडतो. ही वस्ती वाढवतानाच तिथे रेल्वे स्टेशनं दिली गेली आणि शेजारचा ए-2 महामार्ग बोगद्यात घालून त्याच्या छतावर बाग केली. मेर्वेदे या सुमारे 6,000 घरांच्या नव्या वसाहतीची आखणी तर दर तीन घरांमागे मोटारीची एकच जागा धरून केलेली आहे. घरं आधी आणि वाहतुकीचा विचार नंतर, असा क्रम तिथे लावलेला नाही.

तिथे सगळं आलबेल आहे, असा माझा दावा नाही. डच लोकांकडेही मोटारी भरपूर आहेत. उट्रेख्तच्या वेशीवरच्या आमेलिसवेर्ड वनराईतून ए-27 महामार्ग नेण्यासाठी 1982 मध्ये झाडं पाडली गेली, तीही आंदोलकांना हटवून. तोच महामार्ग आणखी रुंद करण्याचा सरकारी निर्णय 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने रद्द केला, पण वाद संपलेला नाही. शहर आणि प्रांत एकीकडे, केंद्र सरकार दुसरीकडे, असा तो झगडा आहे. मला यातूनही तेच दिसतं. तिथली माणसं जन्मजात शहाणी नाहीत, ती भांडतात आणि भांडण सोडत नाहीत.

आणि संस्कृतीचंच म्हणाल तर पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. कॉलेजकुमार, कारकून, प्राध्यापक, गिरणीतले कामगार, सगळे सायकलवर असत. संस्कृती पुरेशी असती तर ती पुण्यात टिकली असती. तिथे सायकलला जागा राखली गेली नाही म्हणून ती गेली. डच शहरांनी जागा राखली, म्हणून गेलेली सायकल परत आली.

तुमच्या शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातात. बहुतेक हरकती स्वतःच्या प्लॉटवरच्या आरक्षणाबद्दल असतात. पुढच्या वेळी त्यात आणखी एक हरकत द्या. तुमच्या घरासमोरच्या रस्त्याचा आडवा छेद मागून घ्या. पदपथाला किती मीटर, सायकलला किती, बसला किती, झाडांना किती, ते लेखी विचारा, आणि सुनावणीला स्वतः हजर राहा.