समुद्राची मुदत

ज्याने उमेदीची दहा-पंधरा वर्षे तलावाच्या तळावरील काळ्या पट्टीवर दृष्टी खिळवून काढली, ज्याच्या कानांवर त्या काळात पाण्याच्या घोषाखेरीज आणि प्रशिक्षकाच्या शिट्टीखेरीज फारसे काही पडले नाही, आणि ज्याला पाण्यात एका श्वासापुरतेच तोंड उघडण्याची मुभा होती, तो जलतरणपटू निवृत्त होताच ध्वनिक्षेपकासमोर बसून दोन-दोन तास बोलू लागतो, हा आपल्या काळातील मोठा गमतीचा प्रकार आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून पोहलेला रिच रोल हा त्याचा ठळक नमुना. पुढे वकिली, मद्याचे व्यसन, त्यातून सुटका, चाळिशी ओलांडल्यावर अतिदीर्घ पल्ल्याच्या शर्यती आणि २०१२ पासून पॉडकास्ट, अशी त्याची कहाणी त्याने स्वतःच सांगितली आहे. ऑलिंपिकची पाच सुवर्णपदके मिळवणारी मिसी फ्रँकलिन हीदेखील केटी हॉफ या दुसऱ्या ऑलिंपिक जलतरणपटूच्या जोडीने याच वाटेने गेली. कोणी बोलता बोलता दुकान मांडतो, आणि त्या दुकानाच्या पाटीवर हल्ली बहुधा समुद्राचे नाव असते.

पोहणाऱ्याने बोलू नये किंवा व्यापार करू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. १९५८ साली इंग्लिश खाडी पोहून जाणारे आणि १९६६ या एकाच वर्षात पाच जलमार्ग पार करणारे मिहिर सेन बॅरिस्टर होते, पुढे रेशमाच्या निर्यातीत पडले, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. माझी तक्रार घड्याळाविषयी आहे. मी स्वतः पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. तेथे घड्याळ नव्हते, काठावर विडी ओढीत बसलेले काका 'पुरे आता, ओठ निळे पडले' असे म्हणाले की बाहेर यायचे, एवढाच हिशेब. पुढे शहरात आल्यावर तलावाच्या भिंतीवरचे ते भले मोठे घड्याळ पाहिले, ज्यात तास-मिनिटांना जागाच नव्हती, सेकंदांचा लाल काटा तेवढा गरगर फिरत होता, आणि मुले पाण्यातून डोके वर काढताच प्रथम श्वास घेण्याऐवजी त्या काट्याकडे पाहत होती. पाणी सुटले तरी हा काटा सुटत नाही. श्रोत्यांची संख्या, क्रमवारीतील स्थान, एका विक्रीमागे समुद्रातून काढलेल्या बाटल्या, अशा नवनव्या रूपांनी तो फिरतच राहतो.

समुद्राच्या नावाने चालणाऱ्या व्यापारातील त्यातल्या त्यात बुद्धिमान उद्योग घ्या. मासेमारीची टाकून दिलेली नायलॉनची जाळी गोळा करायची, रासायनिक प्रक्रियेने त्यांचे मूळ घटक मोकळे करून पुन्हा धागा ओढायचा आणि त्याचे पोहण्याचे कपडे शिवायचे. कल्पना खरोखर उत्तम आहे. तुटलेले जाळे वर्षानुवर्षे समुद्रात मासे आणि कासवे मारीत राहते, ते तेथून निघाले तर वाईट कोण म्हणेल? परंतु हाच कपडा धुतला जाताना त्याचे बारीक तंतू पाण्यात उतरतात, आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या २०१७ च्या अहवालाप्रमाणे, सूक्ष्म कणांच्याच रूपाने समुद्रात जाऊन पडणाऱ्या प्लास्टिकपैकी अदमासे ३५ टक्के भाग कृत्रिम धाग्यांच्या धुलाईतून येतो. जाहिरातीत जमेची बाजू तेवढी मोठ्या अक्षरांत असते. खर्चाची बाजू दाखवीपर्यंत थांबायला तो लाल काटा सवड देत नाही.

हा काटा ज्याने मोडला असे मला वाटते, तो मनुष्य म्हणजे लुइस प्यू. इंग्लंडमध्ये जन्मलेला, दक्षिण आफ्रिकेत वाढलेला, सतराव्या वर्षी रॉबेन बेटापासून केपटाउनपर्यंत पोहलेला आणि व्यवसायाने सागरी कायद्याचा वकील. २००७ च्या जुलैत तो उत्तर ध्रुवावर, बर्फ वितळून उघड्या पडलेल्या उणे १.७ अंशांच्या पाण्यात, केवळ पोहण्याची चड्डी, टोपी आणि चष्मा एवढ्यानिशी एक किलोमीटर पोहला. त्याला १८ मिनिटे ५० सेकंद लागली, आणि हाताच्या बोटांना पुन्हा संवेदना येण्यास चार महिने. येथवर ही कथा पराक्रमाची आहे, आणि पराक्रमाच्या कथा जगात मुबलक आहेत.

मला मोलाची वाटते ती तीन वर्षांनंतरची फजिती. वितळत्या हिमनद्यांकडे जगाचे लक्ष वेधावे म्हणून तो एव्हरेस्टनजीक, सुमारे ५,३०० मीटर उंचीवरच्या पुमोरी सरोवरात उतरला, आणि ध्रुवावर ज्या आवेशाने हात मारले त्याच आवेशाने तेथेही मारू लागला. त्या विरळ हवेत त्याचा दम उखडला आणि सरावातच तो बुडता बुडता वाचला. काठावर सल्लामसलत झाली, आवेश आणि वेग दोन्ही गुंडाळून ठेवावे असे ठरले, आणि दुसऱ्या खेपेस बेडकासारखे संथ हात-पाय मारीत त्याने तेच एक किलोमीटर २२ मिनिटे ५१ सेकंदांत पुरे केले. शाळांच्या स्पर्धेतही ज्या वेळेला कोणी टाळी देणार नाही, ती वेळ त्याचा जीव राखून गेली.

या संथपणाचा खरा कस पुढे दक्षिणेस लागला. अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्राला संरक्षण द्यावे, असा प्रस्ताव न्यूझीलंड आणि अमेरिका यांनी मांडलेला होता. पण ज्या आंतरराष्ट्रीय आयोगापुढे तो होता तेथे निर्णय सर्वसंमतीने होतात, एका सभासदाने नकारार्थी मान हलवली की सारा मसुदा दप्तरी दाखल. तेथे नकाराची शेवटची गाठ रशियाची होती. २०१५ च्या आरंभी प्यू त्या गोठत्या पाण्यात पोहला, आणि मग ज्या कामाची छायाचित्रे कोणी काढीत नाही त्या कामाला लागला : मॉस्कोला वारंवार जाणे, अधिकाऱ्यांच्या भेटी मागणे, त्यांचे आक्षेप ऐकणे, पुन्हा जाणे. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी होबार्ट येथे करार झाला आणि १५ लाख ५० हजार चौरस किलोमीटरांचा सागर संरक्षित ठरला. हे सारे एका पोहणाऱ्याने घडवले असे म्हणणे म्हणजे ज्या शास्त्रज्ञांनी त्या समुद्रातील माशांच्या आणि पेंग्विनांच्या अभ्यासात आयुष्ये घालवली त्यांचा उपमर्द करणे होय, आणि वर्तमानपत्रांनी त्याच्या पोहण्याच्या चड्डीवरून 'स्पीडो मुत्सद्देगिरी' असे चटपटीत नाव देऊन थोडाफार तो केलाही. प्यूचा वाटा अर्जदाराचा. फरक इतकाच, की अर्जावर तिकिटाऐवजी त्याने आपला देह लावला होता. शिवाय तो करारही कायमचा नाही. १ डिसेंबर २०१७ पासून ३५ वर्षांची त्याची मुदत आहे, म्हणजे २०५२ साली कोणाला तरी पुन्हा त्याच खोल्यांबाहेर बाकावर बसून राहावे लागेल.

आपल्याकडे पोहणाऱ्याची गत कधीकधी निराळी होते. २०१० च्या ग्वांगजौ आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याने पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले, जलतरणात भारताला चोवीस वर्षांनी मिळालेले पदक. आणि महाराष्ट्र सरकारने त्याला तहसीलदार केले. पुढे त्याची नेमणूक मालवणला, म्हणजे थेट समुद्रकाठी झाली. सरावाला रजा आणि सवड मिळवताना या नोकरीने त्याची ओढाताण केली, हे त्याच्यासारख्या खेळाडूच्या बाबतीत योग्य झाले असे मी म्हणणार नाही. तरीही ते चित्र माझ्या मनातून जात नाही : पन्नास मीटरांचे अंतर पंचवीस सेकंदांच्या आत कापणारा तरुण महसूल खात्याच्या त्या खुर्चीवर बसला आहे, जेथे गुंठाभर जमिनीच्या फेरफाराची नोंददेखील, कोणाची हरकत असल्यास ती यावी म्हणून, पंधरा दिवस तशीच ठेवावी लागते.