पाठीचा कणा कोणाच्या हाती?

वसईचा किल्ला 1739 साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने जिंकला, त्या विजयाचे स्मरण आजही अभिमानाने केले जाते. ते योग्यच आहे. परंतु त्याच तटाच्या सावलीत वसलेल्या पाचूबंदरातील कोळ्याच्या दुखऱ्या कंबरेचे स्मरण कोणाला होते? ओली डोल ओढताना आणि बर्फ वाहताना खलाशाचे खांदे झिजतात. वलांडीवर बोंबील टांगणाऱ्या स्त्रीचे हात तासन्‌तास वर राहतात. माशांनी भरलेली टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठताना तिची मान दबते. हे झिजणे वर्षानुवर्षे चालते आणि त्याची नोंद कोठेही होत नाही.

शासनाची दृष्टीही येथे तोकडी पडली. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी अपघात विमा ठेवण्यात आला. मृत्यू वा कायमच्या पूर्ण अपंगत्वास 5 लाख, अंशतः अपंगत्वास अडीच लाख, रुग्णालयातील उपचारांस 25 हजार रुपये. तरतूद स्वागतार्हच; पण तिला दिसतो तो अपघात. एका दिवसात मोडलेले हाड तिच्या हिशेबात बसते, वीस वर्षांत खचलेला कणा मात्र बसत नाही.

ही पोकळी भरून काढण्यास बाजार तत्परच असतो. महानगरांत सध्या ‘कायरोप्रॅक्टिक’ची चलती आहे. मानेला वा पाठीला झटका द्यायचा, ‘कट्’ असा आवाज काढायचा आणि त्याची चित्रफीत भ्रमणध्वनीवर फिरवायची! या पद्धतीचा उगम 1895 साली अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट येथे डॅनियल पामर यांच्या हातून झाला. मणका किंचित सरकला की मज्जाप्रवाह अडतो आणि त्यातूनच बहुतेक व्याधी जडतात, हे त्यांचे मूळ प्रतिपादन. ते विज्ञानाच्या कसोटीवर टिकलेले नाही.

तरीही परकीय म्हणून सारेच त्याज्य ठरवणे हा डोळसपणा नव्हे. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या डिसेंबरात मार्गदर्शन प्रसिद्ध केले. व्यायाम व रुग्णशिक्षण यांच्या जोडीला मणक्यावरील हस्तोपचार आणि मर्दन यांनाही तिने मर्यादित स्थान दिले. कंबरपट्टे आणि वजन लावून ताण देणे यांची मात्र शिफारस केली नाही. प्रश्न उपचार करणाऱ्याच्या शिक्षणाचा आहे. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्यास कायरोप्रॅक्टिकसाठी किमान 4200 तासांचे शिक्षण हवे, असे याच संघटनेने 2005 मध्ये म्हटले होते. मानेच्या झटक्यानंतर धमनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे विरळ असली तरी वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. भारतात या व्यवसायासाठी वैधानिक परिषद नाही. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात फिजिओथेरपीला स्वतंत्र स्थान आहे, कायरोप्रॅक्टिकला नाही. मग चुकीच्या झटक्याचा जाब कोणाला विचारायचा?

हाच प्रश्न परंपरेच्या नावाने हाडे बसवणाऱ्यांनाही विचारला पाहिजे. परंपरेचा खरा आधार सुश्रुतसंहितेत आहे. सुश्रुतांनी सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले. वड-पिंपळाच्या कुळातील वृक्षांच्या साली आणि बांबू यांच्या पट्ट्या बांधायला सांगितल्या. बंध थंडीत सात, सम ऋतूत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावा, असा दंडकही घालून दिला. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाही आणि फार आवळला तर सूज, वेदना व पू होतो, हा इशारा त्यांनीच दिला आहे. आवळून बांधलेल्या पट्टीमुळे रक्तपुरवठा तुटून हातपाय गमवावे लागणारे रुग्ण आजही अस्थिरोगतज्ज्ञांकडे येतात. तो दोष सुश्रुतांचा नव्हे. सुश्रुत न वाचता त्यांचा वारसा मिरवणाऱ्यांचा आहे.

शास्त्र शिकलेल्या, प्रत्यक्ष कर्म पाहिलेल्या आणि स्वतः सराव केलेल्या वैद्यानेही राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसायात उतरावे, असे सुश्रुत सांगतात. लोभापायी लोकांचा जीव घेणारा कुवैद्य राजाच्या दोषामुळेच माजतो, असेही ते बजावतात. शिक्षण, परीक्षा आणि नोंदणी यांना पाश्चात्त्यांची देणगी समजणाऱ्यांनी, तसेच परंपरेला कायद्याचे वावडे आहे असे मानणाऱ्यांनीही, हे वचन ध्यानी घ्यावे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात 1953 साली फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. महाराष्ट्राने 2002 मध्ये या व्यवसायासाठी कायदा केला. हे ज्ञान बंदरापर्यंत का पोहोचू नये? जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर असतात. तेच दोन महिने तपासणीसाठी वापरता येतील. शासनाने किनाऱ्यावरील आरोग्यकेंद्रांत नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट नेमावेत, आयुर्वेद महाविद्यालयांनी मर्दन-स्वेदनाचे परिणाम शिस्तीने नोंदवावेत, मच्छीमार सहकारी संस्थांनी ओझे उचलण्याच्या रीती सुधाराव्यात आणि विम्याने झिजलेल्या शरीराचीही दखल घ्यावी.

सुश्रुतांचे नाव व्यासपीठावरून घेणे सोपे असते. पाचूबंदरच्या कोळिणीची मान जाणत्या हातांत सोपवली जाईल, तेव्हाच त्या नावाचा मान राखला जाईल.